पहिला आलेला कुत्रा आणि चांगला कुत्रा

यात्रांचा हंगाम लागला की सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या पट्ट्यात बैलगाड्यांच्या मैदानाशेजारी आणखी एक मैदान आखलं जातं. तिथं कुत्र्यांच्या शर्यती होतात. पट्टा सरळ, तीन-चारशे मीटरचा. एका टोकाला गळपट्टा घट्ट धरून मालक बसलेले, दुसऱ्या टोकाकडं दोरीनं नाहीतर मोटारसायकलमागं ओढला जाणारा चिंध्यांचा ससा. अर्ध्या मिनिटाच्या आत निकाल लागतो. ढाल, रोख रक्कम, गुलाल, हलगी. आणि त्या दिवसापासून पहिल्या आलेल्या कुत्र्याच्या पिल्लांचा भाव चढतो. लांबून लांबून लोक माद्या घेऊन त्याच्या दारात येतात.

जत, आटपाडी भागात मी अनेक वर्षं सरकारी पशुवैद्य होतो. कारवानी कुत्रा मी शर्यतीच्या मैदानावर पाहिलाय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर तीन पायांवर उभा असलेलाही पाहिलाय. या कुत्र्यावर माझा जीव आहे म्हणून स्पष्ट लिहितो. आजच्या शर्यतींतून कारवानीची खरी किंमत ठरत नाही. उलट त्या निकालावर आपण पैदास करायला लागलो आहोत, आणि जे मैदानावर मोजलंच जात नाही ते दर पिढीला थोडं थोडं रक्तातून निघून चाललंय.

हा कुत्रा दख्खनच्या माळावर घडला. कर्नाटकात मुधोळच्या घोरपड्यांनी या जातीला आश्रय दिला, जोपासलं, त्यांतलीच जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट गेली, म्हणून तिकडं त्याला मुधोळ म्हणतात. आपल्याकडं कारवानी. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यातही तो होता. पण ही झाली सन्मानाची गोष्ट. माळावर त्याच्याकडून काम काय घेतलं जायचं ते बघा. काळ्या रानात भेगा, मुरमाड रानात खडे, बांधाला बोरी-बाभळी. ससा काही सरळ पळत नाही. तो कुत्र्याला अगदी जवळ येऊ देतो आणि ऐन वेळी अंग चोरून बाजूला वळतो. वेगात असलेला कुत्रा पुढं निघून जातो, सावरतो, पुन्हा मागं लागतो. हे चार-सहा वेळा झालं की कुत्र्याचा दम, डोळा, कंबरेची लवचीकता आणि पायाचे तळवे, सगळ्याची परीक्षा होते. आणि हा कुत्रा जगायचा कशावर? बाजरीची भाकरी, ताक, कधीमधी उरलंसुरलं. एवढ्यावर उन्हात काम करून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहील, असाच कुत्रा लोक पोसत होते.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात एक वृद्ध गृहस्थ होते. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्याआधी त्यांनी सशाची शिकार केलेली. कायदा आल्यावर शिकार सोडली, कुत्री मात्र सोडली नाहीत. पिल्लू निवडताना ते तोंडाकडं बघतच नसत. आधी पाय उचलून बोटं दाबून बघायचे, पंजा घट्ट मिटलेला आहे का, गादी जाड आहे का. मग छातीची खोली, मग कंबर. मोठ्या कुत्र्याला लांबवर पळवून आणायचे आणि किती वेळात धाप बसते ते शांतपणे बघत राहायचे. शेळ्या-मेंढ्यांतून कुत्रा मोकळा नेऊन आणायचे, कोकराकडं वळून बघितलं तर तो त्यांच्या दृष्टीनं बाद. एकदा मी यात्रेत पहिल्या आलेल्या कुत्र्याचं कौतुक केलं तेव्हा म्हणाले, “डाक्टर, पळतंय समदंच. हाक मारल्यावर माघारी येतंय का ते बघा.”

त्या परीक्षेला वर्षं लागायची. कुत्र्याबरोबर रोज रानात असणाऱ्या माणसालाच ती घेता यायची. शर्यतीला अर्धं मिनिट पुरतं आणि निकाल हजार माणसांना एकाच वेळी दिसतो. शर्यतीची ताकद इथंच आहे, आणि धोकाही.

कुत्रा पारखायचा कशावरून, हा वाद इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६५ साली बेडफर्डशायरमधल्या साउथहिल इथं पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांची मैदानी चाचणी भरवली गेली. नुसतं रूप बघून ढाली वाटणारी प्रदर्शनं तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, आणि शिकारी कुत्र्याचं नाक खोलीत कळत नाही, हे चाचणी भरवणाऱ्यांचं म्हणणं रास्त होतं. ग्रेहाउंडच्या बाबतीत तर आणखी शिकण्यासारखं आहे. लिव्हरपूलजवळ ऑल्टकार इथं १८३६ पासून वॉटरलू कप ही जिवंत सशामागं दोन कुत्री सोडण्याची स्पर्धा होत असे. २००५ मध्ये ती कायद्यानं बंद झाली. ती बंद झाली ते योग्यच झालं. पण तिची गुणपद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. सशापाशी आधी पोचण्याला तीनपर्यंत गुण, सशाला वळायला लावलं की दर वळणाला एक, आणि ससा मारला तर थोडेच, तेही कसबानं मारला असेल तर. योगायोगानं तोंडात आला तर काही नाही. म्हणजे ज्यांनी कुत्र्यांवर आयुष्य घालवलं त्यांनी कुत्रा कसा काम करतो याला गुण दिले, शेवटाला जवळजवळ दिलेच नाहीत.

मग १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर विजेवर पळणारा ससा आला, सट्टा आला, गोल ट्रॅक आला. ४८० मीटरचं अंतर हे कुत्रे तीस सेकंदांच्या आत तोडतात. आज ट्रॅकचा ग्रेहाउंड आणि प्रदर्शनातला ग्रेहाउंड शेजारी उभे केले तर एका जातीचे वाटत नाहीत. परीक्षा जशी, तसा कुत्रा घडत गेला.

आपल्याकडं ते आणखी वेगानं होतंय, कारण आपण वाट पाहायलाही तयार नाही. सरळ तीनशे मीटरवर ग्रेहाउंडपुढं शुद्ध कारवानी टिकत नाही, हे प्रत्येक मालकाला ठाऊक आहे. म्हणून ग्रेहाउंडचं रक्त घातलं जातं. संकर करणं हा गुन्हा नाही, ज्याची हौस त्यानं करावी. पण तोच कुत्रा कारवानी म्हणून पळतो, कारवानी म्हणून जिंकतो आणि कारवानी म्हणून त्याची पिल्लं विकली जातात, ही फसवणूक आहे. पिल्लू घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला दोन वर्षांनी कळतं की कुत्र्याची कातडी पातळ आहे, तारेला घासली तरी फाटते, थंडीत तो कुडकुडतो, भाकरीवर अंग धरत नाही.

दवाखान्यात काय यायचं तेही सांगतो. जोरात पळून आलेल्या कुत्र्याचं अंग ४१ अंशांच्या वर जातं. दुपारच्या उन्हात तीन फेऱ्या पळवल्या, सेमीफायनल आणि फायनलमध्ये पुरेसा वेळ दिला नाही, की ते तापमान खाली उतरायला वावच मिळत नाही. संध्याकाळी मागचे पाय ताठतात, लघवी काळ्या चहासारखी होते. स्नायू फाटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात उतरलेलं असतं. सलाइन लावून काही वाचतात, काही वाचत नाहीत. पळताना मांडीच्या आतला स्नायू फाटलेली कुत्री तर प्रत्येक हंगामात यायची. मालक विचारायचे, पुढच्या मैदानापर्यंत बरा होईल ना? ती माणसं वाईट नव्हती. त्यांच्यापुढं बक्षिसाची एकच रीत ठेवलेली होती.

आता दुसरी बाजू. शर्यती बंद करा असं मी म्हणणार नाही. शिकार बंद झाल्यावर या कुत्र्याला काम उरलं नाही, आणि काम नसलेलं जनावर गरीब माणूस हौसेखातर किती दिवस पोसेल? गावागावांत तरणी पोरं आज कारवानी सांभाळतात, पहाटे उठून फिरवतात, ती शर्यतीमुळंच. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्र आहे, सैन्यानं या जातीची कुत्री प्रशिक्षणाला घेतली, २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं. पण एखादी जात केंद्रात टिकत नाही, ती हजार दारांत टिकते. त्या दारांपर्यंत शर्यतच पोचलीय.

म्हणून शर्यत बदलायला हवी. वेल्समध्ये बाला इथं १८७३ पासून मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धांची परंपरा आहे. त्यात लांबवर जाऊन मेंढ्या हळूच उठवायच्या, घेऊन यायच्या, वेगळ्या काढायच्या, वाड्यात घालायच्या. रोजचं कामच मैदानावर आणलंय, म्हणून तिथला विजेता घरीही उपयोगाचा ठरतो. आपल्याला जिवंत ससा आणायचा नाही, कधीच नाही. पण अमेरिकेत १९७२ मध्येच, म्हणजे आपल्याकडं वन्यजीव कायदा आला त्याच वर्षी, दृष्टीवर शिकार करणाऱ्या कुत्र्यांसाठी एक संघटना उभी राहिली. त्यांनी जमिनीत कप्प्या रोवून नकली ससा वळणावळणानं पळवायला सुरुवात केली. शंभरातले पंचवीस गुण वेगाला. उरलेले चपळाईला, दमाला, उत्साहाला आणि माग न सोडण्याला. कप्प्या, दोरी, एक मोटर. आपल्या कुठल्याही गावातला वेल्डर हे दोन दिवसांत करून देईल.

त्यात मी माझ्याकडून चार गोष्टी घालीन. शर्यत सकाळी नऊच्या आत संपावी. दोन फेऱ्यांमध्ये निदान दोन तास जावेत आणि दुसऱ्या फेरीआधी पशुवैद्यानं ताप आणि पाय बघावेत. संकरित कुत्र्यांचा गट वेगळा असावा, आणि कारवानी गटात मायक्रोचिप व आई-बापाची नोंद असल्याशिवाय प्रवेश नसावा. शेवटची अट त्या वृद्ध गृहस्थांची. फेरी संपल्यावर मालकानं जागेवरूनच हाक मारायची, आणि कुत्रा आला नाही तर गुण कापायचे.

पहिलं वर्ष गोंधळाचं जाईल. गुण कसे दिले यावरून भांडणं होतील, अर्धी गर्दी कंटाळून बैलगाड्यांकडं वळेल. तरीही जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा या तालुक्यांतली एक जरी यात्रा समिती या हंगामात असं मैदान आखणार असेल, तर थर्मामीटर आणि सलाइनच्या बाटल्या घेऊन मी पहाटे पाचला तिथं हजर असेन. मानधन नको. ज्या कुत्र्याला मी नको म्हणेन तो दुसऱ्या फेरीत सोडायचा नाही, एवढा शब्द समितीनं आधी द्यावा.