शंभर टक्के तारकोव्हस्की

माझ्या कपाटात ४ टेराबाइटची एक हार्ड डिस्क आहे. तिच्यात दिग्दर्शकांच्या नावाची फोल्डर्स आहेत आणि त्यातल्या काहींच्या नावापुढे मी मोठ्या कौतुकानं 'पूर्ण' असं लिहून ठेवलंय. तारकोव्हस्की – पूर्ण. कुब्रिक – पूर्ण. कुरोसावा – पूर्ण, १९४३ ते १९९३, तीसच्या तीस. हा रोग मला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर लागला. तिथं लॅनवर प्रत्येकाची शेअर केलेली फोल्डर्स दिसायची, आणि ज्याच्याकडे एखादा दिग्दर्शक 'पूर्ण' असायचा त्याला मेसमध्ये वेगळाच मान असायचा. त्यानं ते सिनेमे पाहिलेत का, असं कुणी विचारत नसे. (मी कुरोसावाचे एकोणीस पाहिलेत. उरलेले अकरा म्हातारपणासाठी.)

आता हे सगळं मोबाइलवर आलंय. पाहिलेल्या सिनेमांची नोंद ठेवणारी ॲप्स दिग्दर्शकाच्या नावापुढे टक्केवारीच दाखवतात. तारकोव्हस्की त्यासाठी फार सोयीचा. सातच चित्रपट, सगळे मिळून साधारण सतरा तास. एका लाँग वीकेंडला शंभर टक्के. स्क्रीनशॉट, स्टोरी, विषय संपला.

माझं भांडण या 'पूर्ण' शब्दाशी आहे.

एक तर तो खोटा आहे. कुरोसावाचा 'द इडियट' (१९५१) मुळात साडेचार तासांच्या आसपासचा होता. स्टुडिओनं तो कापून पावणेतीन तासांवर आणला आणि कापलेला भाग पुन्हा कधी सापडला नाही. त्याच्या पहिल्याच 'सान्शिरो सुगाता'मधलाही काही भाग असाच गेला. ओझूनं ५४ चित्रपट केले, त्यातले पंधराहून अधिक आज अस्तित्वातच नाहीत. तेव्हा आपल्या फोल्डरवर खरं तर 'पूर्ण' नाही, 'जेवढं उरलं तेवढं' असं लिहायला हवं.

आणि जे उरलं ते आपोआप उरलेलं नाही. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचं उदाहरण घ्या. तिच्या मूळ निगेटिव्ह लंडनच्या एका लॅबमध्ये होत्या. १९९३ साली तिथं आग लागली आणि त्या होरपळल्या. कुणीही कचऱ्यात टाकल्या असत्या अशा अवस्थेतले ते तुकडे अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहालयानं वीस वर्षं जपून ठेवले. मग इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत माणसांनी ते जळके, ठिसूळ तुकडे हातानं दुरुस्त केले, आणि २०१५ मध्ये नवी 'पथेर पांचाली' पडद्यावर आली. आज आपण ती डाउनलोड करतो आणि टिक मारतो. ती टिक मारता यावी म्हणून कुणीतरी दोन दशकं जळकी फिल्म सांभाळली होती, कारण रायांचं काम वाचलं पाहिजे असं जगाला वाटत होतं.

आपल्याला कुणाचं काम वाचावंसं वाटतं?

मराठी सिनेमाच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) तिथं असतोच. कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. भारतीय वास्तववादाची सुरुवात वगैरे. आपण हे परीक्षेत लिहितो, भाषणात सांगतो, लेखात पेरतो. सिनेमा मात्र आपल्यापैकी कुणीही पाहिलेला नाही, कारण त्या मूकपटाची प्रिंटच शिल्लक नाही. शंभर वर्षं झाली, आपण एका ऐकीव सिनेमाचा अभिमान बाळगतोय. त्या काळातली कितीतरी रिळं कुणी वाईट हेतूनं नष्ट केलेली नाहीत. फिल्मवरच्या चांदीसाठी ती विकली गेली. सिनेमाचा धंदा संपला की भंगार, असा साधा हिशेब होता.

त्या हिशेबाविरुद्ध ज्या माणसानं आयुष्य घातलं तो पुण्यात राहायचा. पी. के. नायर. १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्यांनी उभं केलं, फाळक्यांचा 'कालिया मर्दन' त्यांच्यामुळे आपल्यापर्यंत आला, आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी हजारोंनी चित्रपट गोळा केले. पॅरिसमध्ये आन्री लांग्ल्वा हेच करत होता. नाझींच्या काळात त्यानं रिळं लपवली. घरच्या बाथटबमध्येही तो रिळं ठेवायचा, असं सांगतात. दोघांचाही खाक्या एकच : आधी जपा, चांगलं-वाईट मागाहून ठरवू. लॉ कॉलेज रोडवरून मी शेकडो वेळा गेलोय, कॉफी प्यायला. त्याच रस्त्यावर ते संग्रहालय आहे हे मला हॉस्टेल सोडून तीन वर्षं झाल्यावर कळलं. तोवर माझा कुब्रिक पूर्ण झाला होता.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "अरे, आता सगळं ऑनलाइन असतं की. साठवायचं कशाला?" असतं ना, भाड्यानं असतं. करार संपला की एका रात्रीत सिनेमा गायब होतो आणि कुणी आपल्याला कळवतही नाही. तुमच्या वॉचलिस्टमधली ती करडी पडलेली चौकट आठवा. शिवाय हिट झालेले दोन-तीन सिनेमे ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, हा त्यांचा धंदा आहे. दिग्दर्शकाचे फसलेले, अडखळलेले, सुरुवातीचे सिनेमे ठेवण्यात त्यांना काय रस? त्यामुळे संग्रह करणाऱ्यांना मी हसत नाहीये. संग्रह हवाच. फक्त आपण जे गोळा करतोय ते आधीच जगातल्या दहा तिजोऱ्यांत सुरक्षित आहे. माझी हार्ड डिस्क उद्या बंद पडली तर कुरोसावाचं काहीही बिघडत नाही.

सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ ला गेल्या. त्या आठवड्यात माझ्या फोनवर श्रद्धांजल्यांचा पूर आला होता, एक मीही टाकली. मग लाज वाटून ठरवलं, भावे-सुकथनकर 'पूर्ण' करायचे. हे काम तारकोव्हस्कीसारखं एका वीकेंडचं नाही. 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं, 'दिठी' त्यांच्या पश्चात ऑनलाइन आला, ते नवे सिनेमे सोडा. मागे जा. 'वास्तुपुरुष', 'नितळ', 'देवराई' – कुठे एखादी कडेनं कापलेली, चॅनेलचा लोगो मिरवणारी पुसट प्रत, कुठे नुसतं ट्रेलर. 'दोघी' (१९९५) मला मिळाला तो एका मित्राच्या मावशीच्या शोकेसमध्ये, लग्नाच्या कॅसेटशेजारी. दोन व्हीसीडी. आणि ज्या सिनेमापासून सगळं सुरू झालं तो १९८५ चा 'बाई', राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला लघुपट, मी अजून पाहिलेला नाही. चाळीसच वर्षं झालीत. मूकपट नाही, युद्ध नाही, आग नाही. सगळे सहकारी आपल्याच शहरात, फोन केला तर उचलतील एवढ्या अंतरावर.

एका ओटीटीच्या ग्राहकसेवेला मी एकदा विचारलं होतं की तुमच्याकडून काढलेला अमुक मराठी चित्रपट परत कधी येणार. उत्तर आलं, "असे आणखी चित्रपट पाहण्यासाठी सुचवण्या बघा." सुचवण्यांत तीन दाक्षिणात्य डब होते.

तुमचंही एखादं नाव असेल. भावे नसतील, दुसरं कुणी असेल, कोकणीतलं, अहिराणीतलं, किंवा तुमच्या तालुक्यात माहितीपट करून गेलेलं. त्या माणसाचं फोल्डर कुणाकडेही नाही. ते बनवायला कदाचित दहा वर्षं लागतील, कुणाच्या तरी घरी जाऊन चहा प्यावा लागेल, मिळालेली डीव्हीडी विकत घ्यावी लागेल, घरच्यांना समजवावं लागेल की माळ्यावरचे ते गोल डबे भंगारवाल्याला देऊ नका, संग्रहालयाला कळवा. कुठलंही ॲप याचे टक्के दाखवणार नाही.

मावशींची पहिली व्हीसीडी नीट उतरली. गौरीच्या लग्नाच्या दिवशी वरातीला अपघात होतो, गाव तिला अवलक्षणी ठरवतं, इथवर सगळं दिसतं. दुसरी मध्येच अडकते. ओरखडा आहे, चित्राचे चौकोन होतात, आवाज गिळला जातो आणि प्लेअर बंद पडतो. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर लावून पाहिली. फोल्डरवर सध्या लिहिलंय : भावे-सुकथनकर – अपूर्ण. कुणाकडे 'दोघी'ची दुसरी डिस्क धड अवस्थेत असेल तर मी घ्यायला येतो, पुण्याबाहेरही येईन.