गच्चीवरची टाकी
गेल्या सोमवारी आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने गच्चीवर बसविलेल्या बायोगॅस संयंत्राची पालथी टाकी वायूच्या दाबाने वीतभर उचललेली दिसताच, जी मंडळी दुर्गंधीच्या भयाने हरकतीचे अर्ज दप्तरी दाखल करीत होती, तीच आपापला शिळा वरणभात घेऊन जिन्यात रांगेने उभी राहिली. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील 'आरती' संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर चालणारे हे संयंत्र सिद्ध केले व २००६ साली त्यास अ‍ॅश्डेन पारितोषिक लाभले, हे चिटणीसबाईंना मुखोद्गत आहे; मला मात्र त्यातील जीवाणूंचे मनुष्यस्वभावाशी असलेले साम्य अधिक भावते, कारण अतिभोजनाने त्यांचीही आम्लता वाढून कामकाज तहकूब होते. गच्चीवर सौरपट्ट्या हव्यात की ही टाकी, असे कोणी विचारलेच तर सांगतो: सौरपट्ट्या एकदा बसविल्या की शेजाऱ्याचे तोंड पाहण्याची गरज उरत नाही. ही टाकी मात्र रोज माणसांना घराबाहेर काढते, म्हणून माझा कौल निःसंशय तिलाच. काल आमच्याकडे भात मुद्दाम जास्त शिजला, हे तेवढे मंडळाला कळता कामा नये.