यांत्रिक तगादा

ट्रेलोसारख्या कार्यालयीन प्रणालीत एकदा नियम घालून दिला, की मुदत उलटलेल्या कामाचा तगादा संबंधित कर्मचाऱ्याकडे रोज आपोआप जातो. मुकादमाला निदान घसा कोरडा करावा लागे! मुदत कोणी ठरविली, कामाच्या मानाने माणसे पुरेशी होती काय, हे यंत्र विचारीत नाही. वस्तुतः तोच तगादा मुदत ठरविणाऱ्या अधिकाऱ्याकडे धाडण्यास तांत्रिक अडचण कोणतीही नाही. तसे क्वचितच केले जाते. शिवाय तो रात्री घरीही पोहोचतो. फ्रान्समध्ये ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेरील संपर्काविषयी संघटनांशी वाटाघाटी करणे २०१७ पासून बंधनकारक आहे. सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलेले अशाच हक्काचे खासगी विधेयक मात्र कायद्यापर्यंत पोहोचले नाही. तोवर तगाद्याचे नियम ठरविण्यात आपलाही वाटा असावा, ही मागणी कर्मचारी संघटनांनी करारातच घालावी.