बटण बंद, तरी टेस्टर का पेटतो?

गौरी-गणपती तोंडावर आले की खेड्यापाड्यांतून घरांची झाडलोट सुरू होते. भिंतीला रंग, मखरापाशी दिव्यांची माळ, एखादा नवा प्लग-पॉइंट, अशी कामे निघतात. घरातला एखादा हौशी मुलगा टेस्टर घेऊन बसतो. बटण बंद करून प्लगच्या भोकात टेस्टर घालतो आणि पाहतो तो काय, टेस्टर पेटलेला! कोणाजवळ डिजिटल मीटर असतो. त्यावर कधी चाळीस, तर कधी ऐंशी व्होल्ट दिसतात. गावोगाव फिरताना खता-बियाण्यांच्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न मला वारंवार विचारला जातो.

याची मुख्य कारणे तीन. एक निरुपद्रवी आहे, दोन जिवावर बेतणारी आहेत. वरवर पाहता तिन्ही सारखीच दिसतात, म्हणून ती समजून घेतली पाहिजेत.

घरात विजेच्या दोन तारा येतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते. या दोहोंत साधारण २३० व्होल्टचा दाब असतो. बटण फेजच्या तारेवरच हवे. पण पुष्कळ घरांत वायरिंग करताना ते चुकून न्यूट्रलवर बसते. कधी वादळात तुटलेली तार पुन्हा जोडताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते आणि घरातली सगळी बटणे एका दिवसात उलटी होतात. आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण बटण दाबले की दिवा लागतो आणि विझतोही.

शेतकऱ्याला हे पाण्यावरून चटकन कळेल. पाणी तोंडाशी अडवले तर पुढचा पाट कोरडा राहतो. तेच शेवटाला अडवले तर पाणी वाहायचे थांबते, पण पाट भरलेलाच असतो. न्यूट्रलवरचे बटण बंद करणे म्हणजे शेवटाला अडवणे. पंखा थांबतो, पण पंख्यापर्यंतची तार जिवंत असते. हे पहिले कारण, आणि ते धोक्याचे आहे.

दुसरे कारण तुटलेल्या न्यूट्रलचे. जुन्या घरांत दोन्ही तारांवर फ्यूज असत. न्यूट्रलवर फ्यूज नको, ही सूचना १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होती. न्यूट्रलचा फ्यूज उडाला किंवा जोड सुटला की घर अंधारात जाते. आपण म्हणतो, लाइट गेली. पण चालू राहिलेल्या एखाद्या दिव्यातून फेजचा दाब न्यूट्रलच्या तारेत उतरतो आणि प्लगचे डावे भोकही टेस्टर पेटवते. शेजारी उजेड आहे आणि आपल्याकडेच अंधार आहे, तर बोर्डाला हात लावू नये.

तिसरे कारण निरुपद्रवी. एकाच पाइपातून बंद आणि चालू तारा शेजारी शेजारी गेल्या की चालू तारेचा दाब बंद तारेत थोडासा उमटतो. भरल्या पाटाशेजारच्या सरीला ओल लागते, पण त्या ओलीवर पीक भिजत नाही, तसेच हे. डिजिटल मीटर फारच थोडी वीज घेतो, म्हणून त्याला ही ओलही दिसते. बटण बंद केल्यावर एलईडी दिवा रात्री मंद लुकलुकतो, तोही कधी कधी यामुळेच. मात्र बटण न्यूट्रलवर असले तरी तो तसाच लुकलुकतो, हे विसरू नये.

मग ओळखायचे कसे? तीन भोकांच्या प्लगमध्ये वरचे मोठे भोक अर्थिंगचे, समोरून पाहता उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे. बटण बंद असताना नुसते उजव्या-डाव्या भोकांत मोजले तर फसगत होते, कारण बटण न्यूट्रलवर असले तरी तेथे पूर्ण दाब दिसत नाही. अर्थिंग चांगले असेल तर उजव्या भोकातून अर्थिंगकडे मोजावे. तेथे २३० च्या आसपास आकडा आला तर बटण उलटे आहे. डाव्या भोकातून अर्थिंगकडे दोन-चार व्होल्टच हवेत, जास्त आले तर न्यूट्रलमध्ये दोष आहे. आकडा अधलामधला आला, तर वायरमन चाचणीचा दिवा जोडून पाहतो. दिवा जोडताच आकडा शून्यावर आला, तर ती नुसती ओल होती. ही दिव्याची चाचणी घरी करू नये. अर्थिंग तुटलेले असेल तर तिच्यातूनच अपघात होतो.

टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असेही समजू नका. कोरड्या लाकडी पाटावर उभे राहिल्यास किंवा भर उन्हात तो पेटलेला दिसतच नाही. आधी चालू पॉइंटवर लावून त्याची परीक्षा करावी.

माउलींनो, बोर्ड ओल्या फडक्याने पुसण्यापूर्वी बटणावर विसंबू नका, मीटरजवळचा मेन स्विच पाडा. दोन्ही तारा एकदम तोडणारा, म्हणजे डबल पोल, मेन स्विच हवा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर मेन पाडूनही काही पॉइंट जिवंत राहतात.

आणखी एक. घरचा फ्यूज ५ अँपिअरचा असतो. माणसाचा जीव त्याच्या शंभराव्या भागाइतक्या विजेनेही जाऊ शकतो, म्हणजे फ्यूज काही आपल्याला वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. अंगातून जमिनीकडे वीज जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो. दोन्ही तारा एकदम धरल्या तर मात्र त्याचाही उपाय चालत नाही.

सणाआधी परवानाधारक वायरमनला एकदा बोलवा आणि प्रत्येक बटण फेजवर आहे ना, एवढे तपासून घ्या. काम तासाभराचे आहे. लहान मुलांचे हात सगळीकडे पोहोचतात, म्हणून ते पुढच्या हंगामावर ढकलू नका.