बिबट्याला तिकीट लावण्याआधी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सिंह आणि व्याघ्र सफारीच्या जोडीला बिबट्या सफारीही असावी, ही मागणी अधूनमधून पुढे येते. पर्यटक वाढतील, उद्यानाला उत्पन्न मिळेल, मुलांना बिबट्या जवळून पाहता येईल, ही त्यामागची कारणे. कारणे खोटी नाहीत. तरीही माझा या कल्पनेला विरोध आहे आणि तो उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या माणसांच्या काळजीपोटी आहे.

सिंहाची गोष्ट वेगळी. तो या जंगलातला नव्हे. मुळात गुजरातचा, आणि इथे कुंपणातच राहणारा. जाळीच्या बसमधून तो दिसला काय, न दिसला काय, घरी परतल्यावर आपल्या वागण्यात काहीच फरक पडत नाही. बिबट्या मात्र इथला मूळ रहिवासी आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात आणि लगतच्या भागात 2015 च्या कॅमेरा-ट्रॅप मोजणीत 35 बिबटे नोंदले गेले, आणि पुढच्या मोजण्यांत हा आकडा वाढला. ते उद्यानालगतच्या आरेत फिरतात, येऊरला दिसतात, सोसायट्यांच्या सीसीटीव्हीत येतात. त्यांच्यात आणि आपल्यात कुंपण नाही. जे काही संरक्षण आहे ते दोन्ही बाजूंच्या वागणुकीचे.

सफारीतून नेमका याच्या उलटा धडा मिळेल. बिबट्या म्हणजे कुंपणातला प्राणी, असे एकदा लाखो डोक्यांत बसले, की आवारात दिसलेला बिबट्या हा ‘सुटलेला’ बिबट्या ठरतो. मग पहिली मागणी येते ती पिंजरा लावण्याची. नगरसेवकापासून वाहिन्यांपर्यंत सगळे वन विभागाच्या मागे लागतात, आणि कोणाचेही नुकसान न केलेले जनावरही पकडून दूर सोडण्याचा दबाव वाढतो.

ही पकडापकडी किती महागात पडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जुन्नर परिसरात 2001 पासून पुढच्या काही वर्षांत बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले, असे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. मुंबईतही 2004 हे वर्ष हल्ल्यांच्या दृष्टीने फार वाईट गेले. पुढे 2011 मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम सुरू झाला आणि वन विभाग, अभ्यासक, पोलीस, पत्रकार आणि रहिवासी एकत्र बसले. दिसला की पकडा, या भूमिकेऐवजी बिबट्या दिसल्यावर काय करावे हे लोकांना सांगण्यावर भर दिला गेला. ती कमाई सफारीच्या फलकाखाली पुसली जाऊ नये.

भीती खोटी आहे, असे मी म्हणत नाही. 2022 च्या दिवाळीत आरेत एका चिमुकल्या मुलीचा जीव गेला. अशा घरातल्यांपुढे सहजीवनाचे प्रवचन झोडणे निर्दयपणाचे आहे. माणसावर हल्ला करणारे जनावर ओळखून पकडावेच लागते. पण पुढचा हल्ला टळतो तो पाड्यावर उजेड असल्याने, घराजवळ शौचालय असल्याने, अंधारात मुले एकटी न सोडल्याने आणि कचरा वेळेवर उचलल्याने. उघड्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात, आणि या भागातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. उकिरडा आपण मांडायचा आणि जेवायला आलेल्याला गुन्हेगार ठरवायचे, हा कुठला न्याय?

‘पाहिल्याशिवाय आपुलकी कशी वाटणार?’ असे सफारीचे समर्थक विचारतात. वाघोबाला पुजणाऱ्या इथल्या वारली कुटुंबांना त्यासाठी तिकीट काढावे लागले नाही. शिवाय, आपुलकी वाटली म्हणून मोबाइल काढून बिबट्याभोवती गर्दी करणारा माणूस घाबरून पळणाऱ्याइतकाच धोकादायक असतो.

वन विभागाच्या निवारा केंद्रात आयुष्य काढणाऱ्या, जंगलात परत सोडता न येणाऱ्या बिबट्यांना मोठी, मोकळी जागा जरूर द्या. तो त्यांचा हक्क आहे. पण ती त्यांच्या सोयीने आखा, बसच्या फेऱ्यांच्या हिशेबाने नव्हे. आणि ती भरण्यासाठी जंगलातला एकही बिबट्या पकडला जाणार नाही, असे लेखी जाहीर करा. आज चालू असलेल्या सफारीच्या प्रत्येक बसमध्ये बाहेरच्या मोकळ्या बिबट्यांविषयी माहिती सांगणारा माणूस असावा. तिकिटाच्या पैशांतला ठरावीक हिस्सा पाड्यांवरच्या दिव्यांसाठी राखून ठेवावा, आणि उद्यानाच्या हद्दीलगतचा कचरा रोज उचलण्याची जबाबदारी महापालिकेने घ्यावी. एवढे झाल्यावर बिबट्या सफारीचा प्रस्ताव आणा. तेव्हा त्यावर बोलू.

आपला,
एक वाचक, बोरिवली (पूर्व)