करंडकामागचे महिने

शाळकरी मुलांनी यंत्रमानव स्पर्धा जिंकली की करंडकासह छायाचित्र छापून येते. त्या करंडकामागचे महिने मात्र छायाचित्रात मावत नाहीत. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या आणि पुढे भारतातही आलेल्या ‘फर्स्ट लेगो लीग’चेच पाहा. २०२४-२५ च्या हंगामाचा विषय होता सागर-संशोधन. स्पर्धेत यंत्राला मिळत अवघी अडीच मिनिटे. तेवढ्यात त्याने दूरनियंत्रकाविना, मुलांनी आधी लिहिलेल्या आज्ञावलीनुसार नेमून दिलेली कामे करायची. चाक किंचित घसरले वा बॅटरी उतरली, की काल अचूक वळलेले यंत्र आज भलतीकडे जाते. मग कारण शोधायचे, दुरुस्ती करायची, पुन्हा चालवून पाहायचे. खरे शिक्षण ते हेच.

दुर्दैवाने यशाच्या घाईत अनेक पालक नेमके हेच शिक्षण हिरावून घेतात. महागडा संच आणायचा, शिकवणी लावायची आणि अखेर आज्ञावलीही मोठ्यांनीच लिहायची! संयोजकांनी हा धोका ओळखला असावा. यंत्राच्या कामगिरीइतकेच महत्त्व त्याची रचना, संशोधन-प्रकल्प आणि संघभावना यांनाही होते. परीक्षक प्रश्न विचारत ते मुलांनाच. उसन्या यंत्राचा मालक तेथे निरुत्तर होतो.

आपल्याकडे २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘अटल टिंकरिंग लॅब’ची योजना आली. तेथील अवजारे पाहुण्यांना दाखवण्यापुरती कपाटात राहू नयेत. यंत्र बिघडू द्यावे. मुले ते दुरुस्त करतील. मोठ्यांनी शेजारी उभे राहावे, हात मात्र मागे ठेवावेत.