विश्लेषण : ग्राफिक्स कार्ड ‘गेले’ म्हणण्याआधी…

गेम सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटे होतात. पंखे घरघरू लागतात, चित्र अडखळते, कधी पडदा काळा होतो, तर कधी अख्खा संगणक बंद पडतो. दुरुस्तीच्या दुकानात बहुतेकदा एकाच वाक्यात निकाल लागतो : ‘कार्ड गेलं, नवीन घ्या.’ तीस-चाळीस हजार रुपयांच्या वस्तूबाबत हा निकाल फारच घाईचा ठरतो. कारण अशा तक्रारींचे मूळ अनेकदा चिपमध्ये नसून साचलेली धूळ, सुकलेली पेस्ट, कमकुवत पॉवर सप्लाय किंवा अर्धवट बसलेली वायर यांत असते.

बिघाड उष्णतेचा की विजेचा?

हे ओळखण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत, बिघाड कधी होतो एवढे नीट पाहावे लागते. सुरुवातीला सगळे सुरळीत, मग हळूहळू वेग घटतो आणि पंख्यांचा आवाज वाढत जातो, असे असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. तापमान मर्यादेला भिडले की चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. याउलट, गेममधील जड दृश्य येताच क्षणात संगणक बंद होत असेल आणि त्या वेळी तापमान साठ-पासष्ट अंशच असेल, तर प्रश्न विजेचा असण्याची शक्यता अधिक. आणि संगणक सुरू करताच, कार्ड थंड असतानाही, पडद्यावर रंगीत चौकटी व रेघा उमटत असतील तर मेमरी किंवा सोल्डरिंग बिघडल्याची शक्यता मोठी. तिथे साफसफाईने फारसे काही साधत नाही.

जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो ही मोफत सॉफ्टवेअर सुरू ठेवून अर्धा तास गेम खेळला तरी पुष्कळ उलगडा होतो. त्यात दोन आकडे महत्त्वाचे : चिपचे सरासरी तापमान आणि ‘हॉटस्पॉट’, म्हणजे चिपवरील सर्वात तप्त बिंदूचे तापमान. दोहोंत दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचाच. तो पंचवीस-तीसच्या पुढे गेला, तर चिप आणि हीटसिंक यांच्यातील पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही, असे समजायला हरकत नाही. डिसेंबर २०२२मध्ये बाजारात आलेल्या एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या कार्डाच्या काही नगांत हॉटस्पॉट ११० अंशांवर जात होता. कूलरमधील व्हेपर चेंबर सदोष असल्याचे पुढे कंपनीनेच मान्य केले. म्हणजे कोरे कार्डही तापू शकते आणि तेव्हा दोष ग्राहकाचा नसतो.

विदर्भातला मे आणि परदेशी चाचण्या

कार्डांच्या चाचण्या साधारणतः वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. कूलर हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही, तो फक्त उष्णता हवेत सोडतो. पंचवीस अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड चाळीस अंशांच्या खोलीत साधारण ८५ अंशांवर जाते. नागपूर किंवा चंद्रपुरात उन्हाळ्यात बिघडलेले कार्ड पावसाळ्यात ‘आपोआप बरे’ होते, ते यामुळेच. त्यात केबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले असले की बघायलाच नको. केबिनेटची बाजू उघडून पाहिल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष कार्डाचा नाही, कोंडलेल्या हवेचा आहे.

साफसफाई मात्र जपून करावी. वीज काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारावा. पंखा हवेच्या झोताने भन्नाट फिरला की बेअरिंगला इजा होते. पेस्ट बदलताना मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले, तर नवे त्याच जाडीचे हवेत. अर्धा मिलिमीटर जाड पॅड बसवल्याने हीटसिंक चिपवर टेकतच नाही आणि दुरुस्तीनंतर कार्ड आधीपेक्षा जास्त तापते. (कमी कामाच्या वेळी पंखे बंदच राहणे हा बिघाड नव्हे. अनेक नवी कार्डे ठरावीक तापमानापर्यंत पंखे फिरवतच नाहीत.) कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा ‘उपाय’ अजूनही सांगितला जातो. त्याने काही दिवस कार्ड चालल्याचा भास होतो, मूळ दोष तसाच राहतो आणि वर घरातल्या ओव्हनमध्ये रसायनांची वाफ जाते.

वीज कुठे कमी पडते?

नवा संगणक घेताना सर्वाधिक काटकसर पॉवर सप्लायवर होते आणि ती सर्वात महाग पडते. ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. पण हे आकडे सलग वापराचे. मोठी कार्डे काही मिलिसेकंदांसाठी याहून कितीतरी अधिक वीज ओढतात. स्वस्त पॉवर सप्लाय तो झटका सोसू न शकल्याने स्वतःला बंद करतो आणि खापर कार्डावर फुटते. २०२२मधील एटीएक्स ३.० या मानकात पॉवर सप्लायने क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी अट आली, ती उगाच नाही. तपासणी सोपी आहे : एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणावी. त्यानंतर संगणक बंद पडणे थांबले, तर नवे कार्ड घेण्याआधी मित्राचा चांगला पॉवर सप्लाय लावून पाहावा. एकाच वायरच्या दोन तोंडांऐवजी दोन स्वतंत्र वायरी वापराव्यात.

आपल्याकडे आणखी एक संशयित असतो, तो म्हणजे यूपीएस. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पुरवतो. गेमिंग संगणक त्यावर पाचशे वॅटचा भार टाकतो. दिवे क्षणभर मंद झाले, यूपीएस बॅटरीवर गेला की सगळे ठप्प. संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहिला तरी हा गुंता सुटतो. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तारच नसते, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

वितळलेल्या जोडण्यांचा दोष कुणाचा?

ऑक्टोबर २०२२मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डांच्या सोळा पिनांच्या जोडण्या वितळू लागल्या. जगभरात सुमारे ५० तक्रारी आल्याचे सांगत, जोडणी पूर्ण बसवली नव्हती हे त्यामागचे प्रमुख कारण असल्याचे कंपनीने म्हटले. ते खरेही असेल. पण हिशेब करून पाहावा. जुन्या आठ पिनांच्या जोडणीत १५० वॅट तीन पिनांतून जातात, म्हणजे प्रत्येकी चार अँपिअरच्या आसपास. नव्या जोडणीत ६०० वॅट सहा पिनांतून, म्हणजे प्रत्येकी आठ अँपिअरहून अधिक, आणि पिनेची क्षमता नऊ-साडेनऊ. चुकीला जागाच ठेवायची नाही आणि मग चूक झाली म्हणून ग्राहकाकडे बोट दाखवायचे, हा न्याय अजब आहे. पुढे सुधारित जोडणीत सूचक पिना आखूड केल्या गेल्या. अर्धवट बसली तर वीजच मिळू नये, हा हेतू. तरीही २०२५च्या आरंभी ५७५ वॅटच्या आरटीएक्स ५०९०बाबत तशाच तक्रारी आल्या. जर्मनीतील ओव्हरक्लॉकर रोमन हार्टुंग यांनी केलेल्या मोजणीत एकाच तारेतून २० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहताना आढळला.

स्टिकर सोलले तर?

हे सगळे उपाय अडतात ते स्क्रूवरच्या इवल्या स्टिकरपाशी. तो फाटला की वॉरंटी संपली, असे विक्रेते बजावतात. म्हणून वॉरंटीतल्या कार्डाची पेस्ट कुणी बदलत नाही आणि वॉरंटी संपेपर्यंत कार्ड तापत राहते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०२४मध्ये अशा स्टिकरांबद्दल गिगाबाइट, झोटॅक आणि एएसरॉक यांना इशारापत्रे धाडली. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ते शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, गृहोपयोगी उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांपुरते. गेमिंगच नव्हे, तर व्हिडीओ संपादन आणि आर्किटेक्चरच्या कामासाठी कर्ज काढून कार्ड घेणाऱ्यांची अडचण त्यातून कितपत सुटते, हा प्रश्नच आहे. तूर्त, धूळ काढली किंवा पेस्ट बदलली तर वॉरंटी राहते का, हे खरेदीच्या वेळीच विचारून उत्तर बिलावर लिहून घ्यावे.